माल संपू नये आणि पडूनही राहू नये : कोकणातल्या व्यापाऱ्यांसाठी साठ्याचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतचे घाऊक व्यापारी, वितरक, मेडिकलवाले, हार्डवेअरवाले आणि छोटे प्रक्रिया उद्योजक यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणांतले भाव आणि खपाचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या वहीतले आकडे घाला.

गिऱ्हाईक कधीच रिकाम्या हाती परत जाऊ नये, एवढा साठा ठेवता येतो का?

नाही. आणि तसा प्रयत्न करणारा व्यापारी दोन-तीन वर्षांत उधारीत अडकतो. एका गाडीपासून पुढच्या गाडीपर्यंत एक फेरी धरली, तर शंभरातल्या पहिल्या नव्वद फेऱ्या माल न संपता काढायला थोडा जादा माल पुरतो. पुढच्या पाच फेऱ्यांसाठी आणखी लागतो, आणि शेवटच्या एकीसाठी लागणारा माल खिशाला परवडत नाही. खाली तिसऱ्या प्रश्नात तेलाच्या बॉक्सचं उदाहरण आहे. त्यातल्या उन्हाळ्याच्या आकड्यांवर जादा साठा असा वाढतो : ९० टक्क्यांना ६० बॉक्स, ९५ ला ७७, ९८ ला ९६, ९९ ला १०९ आणि ९९.९ ला १४४. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना पाच टक्क्यांसाठी १७ बॉक्स लागले, तर ९९ वरून ९९.९ वर जाताना एका टक्क्याहूनही कमी फरकासाठी ३५. कुठल्या मालाला ९९ हवेत आणि कुठल्याला ९० चालतील, हे ठरवणं हेच साठ्याचं खरं काम.

“९५ टक्के सेवा” म्हणजे नक्की काय मोजायचं?

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलल्या जातात, आणि त्यातून पुष्कळ भांडणं होतात.

पहिली : नवी गाडी येईपर्यंत माल एकदाही संपला नाही, अशा फेऱ्या शंभरात किती. सूत्रांमध्ये वापरतात ती टक्केवारी ही.

दुसरी : मागितलेल्या शंभर बॉक्सपैकी हातोहात किती दिले. हा आकडा पहिल्यापेक्षा बहुधा मोठा दिसतो. त्याच तेलाच्या उदाहरणात एका वेळी २०० बॉक्स मागवत असाल आणि पहिली टक्केवारी ९५ असेल, तर दुसरी ९९.५ येते. जादा साठा अजिबात ठेवला नाही तर पहिली ५० वर पडते, पण दुसरी तरी ९० च्या वरच राहते. कारण माल संपतो तो फेरीच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत, सगळ्या फेरीत नाही. त्यामुळे कोणी “आमची सेवा ९९ टक्के” म्हणालं तर आधी विचारा, कुठली?

तिसरी, आणि गिऱ्हाइकाला खरोखर जाणवणारी : पूर्ण बिल. मालवणातलं एखादं हॉटेल सकाळी दहा वस्तूंची यादी पाठवतं. प्रत्येक वस्तू मिळण्याची शक्यता ९५ टक्के असली, तरी दहाही एकदम मिळण्याची शक्यता ६० टक्केच उरते. हॉटेलवाल्याच्या लेखी तुम्ही दहातल्या चार वेळा अर्धवट माल दिलेला असतो. याद्यांवर चालणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी हाच आकडा मोजा. दिवसाची सगळी बिलं घ्या आणि त्यातली एकही वस्तू न वगळता गेलेली किती, ते मोजा.

सेफ्टी स्टॉक, म्हणजे जादा साठा, किती ठेवायचा? हिशेब दाखवा.

कणकवलीचा एक वितरक धरू. खाद्यतेलाचे १ लिटरच्या १२ पिशव्यांचे बॉक्स, रोजचा सरासरी खप ४०, आणि रोजच्या खपाचं प्रमाण विचलन (खप सरासरीच्या वर-खाली साधारण किती होतो त्याचं माप) १२. माल कोल्हापूरहून घाट उतरून येतो. ऑर्डर दिल्यापासून गोडाऊनला लागेपर्यंत उन्हाळ्यात सरासरी ४ दिवस, विचलन १ दिवस. पावसाळ्यात सरासरी ६ दिवस, विचलन ३ दिवस.

आधी दोन्ही विचलनं काढा. मागच्या ६० दिवसांचा रोजचा खप एका रकान्यात आणि मागच्या वीसेक फेऱ्यांचे दिवस दुसऱ्या रकान्यात लिहा. एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनचं सूत्र लावलं की दोन मिनिटांत उत्तर येतं. पावसाळ्याच्या आणि बाकीच्या फेऱ्या एकत्र करू नका. त्यांची सरासरी दोन्ही ऋतूंना खोटी ठरते.

पायऱ्या अशा :

१. माल यायला लागणारे दिवस गुणिले खपाच्या विचलनाचा वर्ग. उन्हाळ्यात ४ × १४४ = ५७६.

२. रोजच्या खपाचा वर्ग गुणिले दिवसांच्या विचलनाचा वर्ग. उन्हाळ्यात १६०० × १ = १६००.

३. दोन्हींची बेरीज २१७६. तिचं वर्गमूळ ४६.६.

४. त्याला सेवेच्या गुणकाने गुणा. ९० टक्क्यांना १.२८, ९५ ला १.६५, ९८ ला २.०५, ९९ ला २.३३. ९५ टक्क्यांना ४६.६ × १.६५ = ७७ बॉक्स. हा सेफ्टी स्टॉक.

५. माल येईपर्यंतचा सरासरी खप ४ × ४० = १६०. त्यात ७७ मिळवा. हातातला आणि वाटेवरचा माल मिळून २३७ बॉक्सवर आला की ऑर्डर द्यायची.

आता तोच हिशेब पावसाळ्याचा करा. ८६४ अधिक १४४००, म्हणजे १५२६४. वर्गमूळ १२३.५. सेफ्टी स्टॉक २०४, आणि ऑर्डरची पातळी २४० + २०४ = ४४४.

यात बारकाईने बघण्यासारखं आहे ते १४४००. गाडी ठरल्या दिवशी हमखास येत असती, तर पावसाळ्यातही ४९ बॉक्स पुरले असते. उरलेला सगळा जादा माल गिऱ्हाइकाच्या लहरीसाठी नाही, घाटासाठी ठेवलेला आहे. म्हणूनच कोकणात साठा कमी करायची पहिली जागा दुकान नव्हे, वाहतूक. दोन ट्रान्सपोर्टवाल्यांशी बांधून घेतलं, ऑर्डरचा वार ठरवला, एक घाट बंद पडला तर दुसऱ्याने गाडी आणायचं आधीच बोलून ठेवलं आणि विचलन ३ वरून दीड दिवसावर आलं, तर सेफ्टी स्टॉक २०४ वरून ११० वर उतरतो. सरासरी दिवस तेच राहिले तरी हा फरक पडतो. गाडी लवकर येण्यापेक्षा ठरल्या दिवशी येणं जास्त मोलाचं आहे.

पैशांत बोलायचं तर, बॉक्स १५०० रुपयांचा आणि माल ठेवण्याचा खर्च महिन्याला २ टक्के धरू. या खर्चात व्याज, जागा, गळती, उंदीर सगळं आलं. ७७ बॉक्सचा खर्च महिन्याला २,३१० रुपये, २०४ चा ६,१२०. पावसाळ्याच्या चार महिन्यांत फरक सुमारे १५,२०० रुपये. दुसऱ्या बाजूला रोजची विक्री ६०,००० आणि नफा ४ टक्के धरला, तर तीन दिवस तेल नसण्याने ७,२०० गेले. शिवाय तेल नाही म्हणून त्याच बिलातली साखर, रवा, डाळही दुसऱ्या एजन्सीकडे गेली. दोन वेळा घाट बंद पडला की जादा साठ्याचे पैसे वसूल.

एक सावधगिरी. दरडीचं गणित या सूत्रात नीट बसत नाही. गाडी एकतर सहा दिवसांत येते किंवा घाट बंद झाल्यामुळे एकदम अकरा दिवसांनी. असा शेपटीचा धोका सूत्र कमी धरतं. ज्या दहा-बारा वस्तूंवर तुमचं दुकान चालतं त्यांच्यासाठी मागच्या तीन पावसाळ्यांतला सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा होता ते काढा, आणि सूत्राचा आकडा तेवढे दिवस पुरतो का ते ताडून पाहा.

विचलनाची भानगड नको. सोपा नियम आहे का?

आहे. सर्वांत जास्त रोजचा खप गुणिले सर्वांत जास्त दिवस, वजा सरासरी खप गुणिले सरासरी दिवस. पावसाळ्यात ६० × १० − ४० × ६ = ३६० बॉक्स. सूत्राने २०४ सांगितले होते. हा नियम जादा साठा सांगतो, कारण सर्वांत जास्त खप आणि सर्वांत जास्त उशीर एकाच आठवड्यात येतील असं तो धरून चालतो. शंभर-दीडशे रुपयांच्या किरकोळ वस्तूंना चालेल. महागड्या मालाला लावू नका.

पावसाळ्याची बेगमी कधी सुरू करायची? कुठला माल भरायचा?

घरात मे महिन्यात सुकी मासळी, मिरची, लाकूडफाटा भरतात, तसंच गोडाऊनचं. फक्त दुकानदाराने सगळंच भरायचं नसतं.

तारखा आधी. मोसमी पाऊस तळकोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर येतो. म्हणून शेवटची मोठी गाडी २५ मेच्या आत गोडाऊनला लागली पाहिजे, म्हणजे ऑर्डर १५ मेच्या आसपास. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याच्या सुमारास लागू होतं आणि गाड्यांचा वेग कमी केला जातो. रेल्वे पार्सलवर चालणाऱ्यांनी तेही धरावं. तुमचा माल कुठल्या घाटाने येतो आणि त्याला पर्याय काय, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. चिपळूणला कराडहून कुंभार्ली, रत्नागिरीला कोल्हापूरहून आंबा, सिंधुदुर्गाला करूळ, भुईबावडा किंवा फोंडा, सावंतवाडीला आंबोली. मुंबईहून येणाऱ्या मालाला कशेडी आणि परशुराम.

भरायचा तो माल असा : पावसात खप वाढतो आणि मिळायलाही उशीर होतो तो. ताडपत्री, प्लॅस्टिक कापड, बॅटऱ्या, मेणबत्त्या, छपराचे पत्रे आणि त्यांचे हुक-वॉशर, पाण्याच्या पंपाचे कपॅसिटर, ओआरएस. सिंधुदुर्गातल्या मेडिकलवाल्यांनी डॉक्सिसायक्लिनचा साठा जूनच्या आधी बघून घ्यावा, कारण भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पत्रे आणि ताडपत्रीचा खरा खप मात्र पाऊस पडायच्या आधी, मेच्या शेवटच्या पंधरवड्यात असतो. १० जूनला आलेली ताडपत्रीची गाडी पुढच्या मेपर्यंत बसते.

न भरायचा तो माल : सिमेंट, रंग, टाइल्स. बांधकामं थांबलेली असतात, आणि दमट हवेत सिमेंटच्या गोणीत गठ्ठे होतात. तीन महिन्यांहून जुना सिमेंट तपासणी केल्याशिवाय बांधकामाला वापरू नये. तो ठेवायचाच असेल तर फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून, दहा गोण्यांपेक्षा उंच थप्पी नको, आणि जुनी गोणी आधी बाहेर.

इन्सुलिनचा प्रश्न वेगळा. त्याची मागणी नियमित असते, चुकवून चालत नाही, पण साठ्याची मर्यादा पैसा नव्हे, फ्रिज ठरवतो. २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठलं तर फेकायचं. पावसात वीज सात-आठ तास जाते हे धरून इन्व्हर्टर नसेल तर महिन्याचा साठा करू नका. नेहमीच्या रुग्णांची यादी करून आठवड्याला दोनदा थोडा-थोडा मागवणं बरं.

गणपतीचा अंदाज दर वर्षी का चुकतो?

कारण आपण इंग्रजी महिन्यांची तुलना करतो. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर “मागच्या ऑगस्टचा खप” दाखवून २०२६ च्या ऑगस्टसाठी माल मागवायला सांगेल, आणि तो तीन आठवडे गोडाऊनमध्ये बसून सप्टेंबरात अपुरा पडेल.

उपाय सोपा आहे. खपाचा तक्ता चतुर्थीपासून मोजा : चार आठवडे आधी, तीन, दोन, एक, चतुर्थीचा आठवडा, नंतरचा एक. तीन वर्षांचे आकडे या रकान्यांत बसवले की चित्र दरवर्षी जवळजवळ तसंच दिसतं. नारळ, गूळ, तांदळाचं पीठ, रवा, तूप यांचा खप आधीच्या दहा दिवसांत चढतो. रंग, विजेच्या माळा आणि मखराचं सामान त्याआधीच्या दोन आठवड्यांत. चाकरमानी गावात उतरले की पहिल्या दोन दिवसांत दूध, भाजी, गॅस सिलिंडर आणि पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग. वर्षभर बंद असलेलं घर उघडलं की मोटार चालत नाही हे त्याच दिवशी कळतं.

गौरी-विसर्जनानंतर खप एकदम कोसळतो. चतुर्थीच्या आठवड्यातल्या खपावरून पुढची ऑर्डर देऊ नका.

गणपतीला एकदाच मागवायचा माल किती मागवायचा?

इथे सेफ्टी स्टॉकचं सूत्र लागत नाही, कारण दुसरी फेरी नाही. दोन आकडे काढा. एक नग कमी पडला तर किती गेले, आणि एक नग उरला तर किती गेले. पहिला आकडा भागिले दोघांची बेरीज. हे उत्तर म्हणजे माल पुरण्याची किती शक्यता ठेवायची ते.

माव्याचे मोदक : खरेदी १८०, विक्री २६०, उरलेला बॉक्स ६० ला जातो. कमी पडला तर ८० गेले, उरला तर १२०. ८० भागिले २०० म्हणजे ०.४०. हे अर्ध्यापेक्षा कमी आहे, म्हणून सरासरीपेक्षाही कमी मागवायचे. सरासरी खप ३०० आणि विचलन ६० असेल तर २८५.

विजेच्या माळा : खरेदी १२०, विक्री २००, उरलेली माळ पुढच्या वर्षी विकता येते म्हणून तिची किंमत १०० धरू. कमी पडली तर ८०, उरली तर २०. गुणोत्तर ०.८०. त्याच ३०० आणि ६० वर ३५० मागवायच्या.

दोन्हींची सरासरी तीच, नगामागे नफाही तोच ८०, तरी एका मालाची ऑर्डर दुसऱ्यापेक्षा ६५ नगांनी मोठी. “मागच्या वर्षी ३०० गेले, यंदा दहा टक्के वाढवू” हा हिशेब म्हणूनच अपुरा आहे.

सगळ्या वस्तूंना एकच टक्केवारी का नको?

विक्रीच्या रकमेप्रमाणे यादी लावा. बहुतेक दुकानांत वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या वस्तू तीन-चतुर्थांशाच्या आसपास विक्री करतात. त्यांना अ म्हणा, मधल्यांना ब, शेपटीला क. एवढं सगळे शिकवतात. पण नुसत्या या यादीवर चालणारा हार्डवेअरवाला बंदरावर मार खातो.

यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा इंजिनं उघडली जातात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम सामानाला धावतात. तेव्हा काउंटरवर एकच प्रश्न असतो : “इम्पेलर गावतलो काय?” समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातली ती रबराची पाकळ्यांची चकती. वर्षभराच्या विक्रीत तिचा वाटा नगण्य, म्हणून यादीत ती क मध्ये अगदी तळाला. पण तिच्यावाचून इंजिन तापतं, होडी जेटीला राहते, आणि खलाशांचा दिवस फुकट जातो. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दोरी, जाळं, तेल, रंग सगळंच दुसरीकडून घेतं.

म्हणून दुसरा शेरा लावा, दवाखान्यांच्या भांडारात लावतात तसा : अत्यावश्यक, आवश्यक, असली तर बरी. इम्पेलर, डिझेल फिल्टर, पट्टे हे क असूनही अत्यावश्यक. त्यांना ९९ टक्के ठेवा. स्वस्त आहेत, दोन-चार नग जास्त पडले तरी बिघडत नाही. महाग आणि “असली तर बरी” अशी वस्तू ऑर्डरवर मागवा, आणि किती दिवस लागतील ते गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगा. लहान सुटे भाग मुंबईहून एसटीच्या पार्सलनेही येतात. अशा वस्तूंचा साठा फोनवर ठेवा, फळीवर नको.

जो माल नव्हता म्हणून विकला गेला नाही, त्याची मागणी कळणार कशी?

बिलांतून कळत नाही. बिल फक्त दिलेल्या मालाचं बनतं. तीन दिवस माल नव्हता तर सॉफ्टवेअर त्या दिवसांचा खप शून्य धरतं, पुढचा अंदाज कमी करतं, ऑर्डर कमी जाते आणि माल पुन्हा लवकर संपतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं.

काउंटरवर एक शंभर पानी वही ठेवा. चार रकाने : तारीख, वस्तू, किती मागितली, पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द, “दुसरं घेतलं”, “थांबला”, “गेला”. बिल करणाऱ्या मुलाने “नाही” म्हटलं की लगेच लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. महिन्याअखेर “गेला” लिहिलेल्या ओळी मोजा. “दुसरं घेतलं” जिथे जास्त, त्या वस्तूचे दोन ब्रँड ठेवायची गरज नसते, एक काढून टाका. आणि अंदाज काढताना माल नसलेले दिवस शून्य धरू नका, वगळा.

कॉम्प्युटरवर ६ नग दिसतात आणि फळीवर एकही नाही. असं का होतं?

बहुतेक वेळा चोरी नसते. बॉक्स आणि नग यांची गल्लत (एक बॉक्स विकला, बिल एका नगाचं), मिळत्याजुळत्या दुसऱ्या कोडवर बिल, फुटलेला किंवा नमुना म्हणून दिलेला नग न काढणं, परत आलेला माल बिलात घेऊन फळीवर न ठेवणं. असा भुताटकीचा साठा सर्वांत वाईट, कारण सिस्टिमला ऑर्डर द्यायची वेळ झाली असं कधी वाटतच नाही.

वर्षातून एकदा मार्चमध्ये सगळं मोजण्यापेक्षा रोज दहा-पंधरा वस्तू मोजा. अ महिन्यातून एकदा, ब तीन महिन्यांतून, क वर्षातून दोनदा. ज्या वस्तूचा साठा १ ते ५ दाखवतो पण पंधरा दिवसांत एकही बिल नाही, ती त्याच दिवशी मोजा. भूत बहुधा तिथेच असतं. आकडा दुरुस्त करताना कारणही लिहा, नाहीतर तीच चूक पुढच्या महिन्यात परत येते.

“दहावर एक फ्री” स्कीम घ्यावी का?

दहावर एक म्हणजे सूट दहा टक्के नव्हे, ९.१ टक्के. माल ठेवण्याचा खर्च महिन्याला २ टक्के धरला तर सरासरी साडेचार महिने माल पडून राहिला की सूट संपली. माल हळूहळू विकला जातो, म्हणून सरासरी साडेचार म्हणजे एकूण नऊ महिन्यांचा माल. त्यामुळे तीन महिन्यांचा घेतला तर फायदा, वर्षाचा घेतला तर तोटा. एक्स्पायरीचा माल असेल तर मर्यादा आणखी खाली, आणि फ्री आलेल्या बॉक्सवरची तारीख आधी वाचा. जुन्या तारखेचा माल स्कीममध्येच खपवला जातो.

चार शाखा आहेत. माल एकीकडे ठेवावा की वाटून?

नेहमीचा, रोजचा माल वाटून. सावकाश जाणारा एकीकडे. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी अशा चार ठिकाणी एखाद्या भागाचा माल येईपर्यंतच्या खपाचं विचलन प्रत्येकी १० नग असेल, तर वेगवेगळा सेफ्टी स्टॉक १६.५ प्रमाणे ६६ होतो. एकाच ठिकाणी ठेवला तर ३३ पुरतो, कारण एका गावी जास्त खपला तर दुसऱ्या गावी कमी खपलेला असतो.

पण हे गणित दोन गोष्टी गृहीत धरतं : चारही गावांची मागणी स्वतंत्र आहे आणि मधला रस्ता चालू आहे. जुलैत दोन्ही खोट्या ठरतात. पाऊस चारही ठिकाणी एकदम लागतो, आणि मधल्या रस्त्यावर दरड आली की एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचत नाही. नोव्हेंबर ते मे माल एकत्र ठेवावा, मेच्या शेवटी वाटून टाकावा, दिवाळीनंतर उरलेला परत गोळा करावा. वर्षातून दोन फेऱ्यांचं भाडं जातं, तरी बाराही महिने वाटून ठेवण्यापेक्षा स्वस्त.

टंचाई झाली की दुकानदार दुप्पट ऑर्डर देतात. नंतर रद्द करतात. काय करायचं?

दुकानदाराला माहीत असतं की तुम्ही मागणीच्या निम्मा माल देणार, म्हणून तो दुप्पट लिहितो. तुम्ही ती बेरीज कंपनीला पाठवता. कंपनी आणखी वाढवते. शेवटच्या गिऱ्हाइकाची मागणी जागच्या जागी असताना वरच्या टोकाला ऑर्डरी उड्या मारतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलने हा प्रकार बाळांच्या डायपरच्या ऑर्डरींत पाहिला होता. बाळांची संख्या काही एका महिन्यात वाढत नाही.

टंचाईत माल ऑर्डरीप्रमाणे वाटू नका, मागच्या तीन महिन्यांच्या उचलीप्रमाणे वाटा, आणि ते आधी जाहीर करा. खोटी ऑर्डर द्यायचं कारणच उरत नाही. मोठ्या पाच-सहा दुकानदारांकडून दर सोमवारी फळीवरचा उरलेला माल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. ऑर्डरीपेक्षा तो आकडा खरं बोलतो.

दोन महिने बनवायचं आणि वर्षभर विकायचं, अशा मालाचं काय? आंबा, काजू, कोकम?

इथे प्रश्न उलटा आहे. साठा करायचाच आहे, फक्त कुठल्या रूपात हे ठरवायचं आहे. नियम असा : माल जितका वेळ कच्च्या किंवा सर्वांना चालणाऱ्या रूपात राहील तितका चांगला.

आंब्याचा रस डब्यात भरताना ३.१ किलो की ८५० ग्रॅम हे हंगामातच ठरवावं लागतं, पण लेबल नंतर लावता येतं. बॅच क्रमांक आणि तारीख डब्यावर तेव्हाच उमटवा, डबे बिनलेबलचे ठेवा. डिसेंबरात दुसऱ्याच ब्रँडची ऑर्डर आली तर तोच डबा चालतो. कोकमाचं आगळ (साखर न घातलेला रस) मोठ्या पिंपात ठेवून सरबत मागणीप्रमाणे बनवा. साखर घातली की परत आगळ होत नाही.

काजू बी मार्च ते मे खरेदी करून, उन्हात ८-९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, तागाच्या गोणीत ठेवा आणि गरासाठी बी आठवड्याच्या मागणीप्रमाणे फोडा. गर खवट होतो, त्याला कीड लागते. सालीतली बी टिकते. मात्र बी फोडण्यात एक पेच आहे. गिऱ्हाईक डब्ल्यू-२४० (मोठ्या अख्ख्या गराची प्रत) मागतं, पण फक्त २४० फोडता येत नाही. सोबत ३२०, पाकळी, तुकडा येतोच. २४० ची सेवा शंभर टक्के ठेवायला गेलात तर तुकड्याचा डोंगर साठतो. मिठाईवाल्यांशी तुकड्याचा वर्षाचा भाव आधी बांधून घ्या, मगच २४० च्या मोठ्या ऑर्डरीला हो म्हणा.

पडून राहिलेला माल कधी काढायचा?

सहा महिने एकही नग गेला नाही आणि तो अत्यावश्यक यादीत नाही, तर काढा. आधी कंपनीला परत, मग ज्या गावात चालतो तिथल्या दुकानदाराला, मग तोट्यात. “घेतल्या भावाला तरी जाऊ दे” म्हणून थांबण्यात दरमहा दोन टक्के जातातच. नष्ट केलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, हेही हिशेबात धरा. स्वस्तात विकलात तर ते शाबूत राहतं.

पुराचा धोका आहे. साठा कमी ठेवावा का?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानांच्या तळमजल्यावरचा माल गेला. महाडलाही त्याच पावसात तेच झालं. पावसाळ्यात साठा वाढवायला सांगणारं वरचं गणित आणि हा धोका, दोन्ही एकाच महिन्यात येतात. साठा कमी करणं हा उपाय नाही, जागा बदलणं हा आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर तळमजल्यावर फक्त आठवड्याचा माल ठेवा, बाकीचा माळ्यावर किंवा उंचावरच्या भाड्याच्या खोलीत. खालच्या दोन फळ्यांवर पाण्याने न बिघडणारा माल. कागदपत्रं, हार्ड डिस्क आणि औषधं सर्वांत वर.

विमा तपासा, आणि तो मार्चमधल्या साठ्यावर काढलेला नाही ना हे आधी पाहा. मार्चअखेर लोक साठा कमी दाखवतात, आणि जुलैत तो दीडपट झालेला असतो. समजा गोडाऊनमध्ये ४० लाखांचा माल आहे आणि विमा २५ लाखांचा. नुकसान ८ लाखांचं झालं तर कंपनी ८ लाख देत नाही. ८ × २५ ÷ ४० म्हणजे ५ लाख देते, कारण तुम्ही उरलेला भाग स्वतःच्या जोखमीवर ठेवला असं धरलं जातं. विम्याची रक्कम पावसाळ्यातल्या सर्वांत मोठ्या साठ्याएवढी घ्या. पुराचं कलम पॉलिसीत आहे ना आणि दुसऱ्या गोडाऊनचा पत्ता त्यात नोंदवलेला आहे ना, ते वाचून घ्या. माल माळ्यावर हलवला तर त्याच दिवशी मोबाइलवर फळ्यांचे फोटो काढून दुकानाबाहेरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि विम्याचा दावा यांचे आकडे जुळले पाहिजेत. सर्वेअर पहिल्याच भेटीत तेच मागतो.